उष्टं नाव नको!

"माझ्या लेकीला उष्टं नाव नको!" रायाजीराजांनी भर दरबारात मांडीवर थाप मारली. "कुणाच्या तोंडून निघालेलं नको, कुणाच्या कानावर पडलेलं नको. कोरं करकरीत नाव हवं! आणि ते मिळेपर्यंत राज्यात एकाही पोरीचं बारसं होता कामा नये. उगाच कुणी आधीच उचललं म्हणजे?"

झालं! राजकन्या चार महिन्यांची झाली तरी बिननावाचीच. तिच्यापायी गावातले छत्तीस पाळणेही तसेच हलत राहिले. एकीने "ए छकुले!" म्हटलं की अख्ख्या आळीतल्या छकुल्या भोकाड पसरत.

अनंभटशास्त्री रोज पोथ्यांचं गाठोडं घेऊन हजर.

"महाराज, सुवर्णशलाकावती! उगम थेट इंद्राच्या दरबारातला, अर्थ महागहन, आणि राज्यात एकीचंही नाही!"

"तुम्ही उच्चारलंत ना? मी ऐकलं ना? मग उष्टं झालं! दुसरं काढा!"

शास्त्रीबुवा घाम पुसत पुढचं पान उलटत.

इकडे येसू कासारीण नुसती चरफडत होती. तिच्या भावाला नऊ वर्षांनी मुलगी झाली होती, आणि आत्या म्हणून नाव ठेवायचा मान येसूचा. नावही ठरलेलं. दवणा! तिच्या आईचं. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात पुन्हा कुणीतरी "दवणे" म्हणून हाक मारावी, यासाठी येसूचा जीव तुटत होता. आणि हा राजा बसलाय अडून! मेल्याला दुसरा उद्योग नाही, असं ती मनात म्हणे. मनातच, कारण बांगड्या राजवाड्यातच खपत.

एके दिवशी राणीसाहेबांच्या हातात चुडा भरता भरता तिला राहवेना. राजे पाळण्याशी उभे होते, शास्त्रीबुवा पोथीत डोकं घालून बसले होते.

"सरकार, कोरं नाव आहे माझ्याकडे."

"सांग, सांग!"

"कसं सांगू? सांगितलं की उष्टं होणार, आणि तुम्ही मलाच हाकलणार. बरं, नाव सांगायचा मान आत्याचा. राजकन्येची आत्या कुठाय?"

राजांनी डोकं खाजवलं. त्यांना बहीणच नव्हती.

"मग मलाच करा की आत्या!"

"शिव शिव!" शास्त्रीबुवा किंचाळले. "कासारीण राजाची बहीण?"

"तुम्हाला व्हायचंय का बहीण? करा हात पुढे, बांगड्या भरते!"

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात उपरण्यात लपवले. राणीसाहेब तोंडाला पदर लावून हसल्या.

"बरं, तूच हो आत्या," राजे गुरगुरले. "पण नाव उष्टं निघालं, तर तुझ्या भाचीचं बारसं माझ्या लेकीच्या लग्नानंतर. लक्षात ठेव!"

पण येसू आता कसली माघार घेते! ती पाळण्यात वाकली. दासींनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले, एकदोघींनी जुने हिशेबही चुकते केले. येसूने राजकन्येच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्रर्र! तुझा बाप महाहट्टी आहे गं बाई. सांभाळून राहा."

राजकन्या खुदकन हसली.

"झालं बारसं!" येसू कंबर चोळत उभी राहिली.

"नाव काय?"

"जिचं नाव तिला सांगितलं."

"अगं, मला नको का कळायला?"

"तुम्ही ऐकलंत की उष्टं नाही होणार?"

राजे लालबुंद झाले. "पण तुझ्या तोंडून तर निघालं!"

"नाव निघालं की अंगाई, तुम्हाला काय ठाऊक? साक्षीदार ही एकटी. विचारा तिला! बोलायला लागली की सांगेल. तोवर सगळ्या घरांत म्हणतात तसं छकुली म्हणा."

राजांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने तोंडातून एक बुडबुडा काढला.

"बरं," राजे पुटपुटले. "उद्या कर बारसं. भाचीचं नाव काय ठेवणार?"

"दवणा. माझ्या आईचं."

"कोणत्या ग्रंथातलं?" शास्त्रीबुवा पुढे सरसावले. "उगम? अर्थ?"

"उगम आमच्या परसात, दवण्याच्या वाफ्यात. अर्थ म्हणाल, तर हाक मारली की आई 'ओ' द्यायची. आणखी काय अर्थ हवा?"

"दवणा..." राजांनी हळूच म्हणून पाहिलं. "दवणा! अगं, झकास आहे की! हल्ली कुणाचंच नाही आणि जिभेवर कसं सुटसुटीत बसतं! ठरलं, राजकन्येचं हेच!"

आईचं नाव राजवाड्यात गेलं, तर येसूच्या घरात ते घ्यायची कुणाची छाती! पण तिने पदर खोचला.

"खुशाल ठेवा, सरकार! फक्त आत्ताच ते मी उच्चारलं, शास्त्रीबुवांनी ऐकलं, आणि तुम्ही स्वतः दोनदा चघळलंत. एवढं चारचौघांत उष्टावलेलं नाव राजकन्येला द्यायचं? लोक काय म्हणतील!"

आधी राजांच्या मिशा हलल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे खदाखदा हसले की पाळण्यातली छकुलीही हात उडवायला लागली.

"हरलो बाई, हरलो! राणीसाहेब, माझ्या बहिणीला भरजरी लुगडं काढा, भाचीला चांदीचे वाळे द्या. आणि दवंडी पिटा, उद्या छत्तीसच्या छत्तीस बारशी झालीच पाहिजेत. घुगऱ्या राजवाड्यातून!"