ओल्या पायघड्या

सह्याद्रीच्या पायथ्याशी नांदवणे नावाचे गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठच्या कातळावर कातळे महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही हकिकत. महाराजांसाठी खोतांच्या ओसरीवर रोज पाट मांडलेला असे, पण ते भाकरीला बसत सगुणा परटिणीच्या चुलीपुढे. विसाजीपंत खोतांना ही गोष्ट फार सलत असे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सोमेश्वराची पालखी निघायची. गाभाऱ्यापासून सभामंडपाच्या पायरीपर्यंत पालखीपुढे पायघड्या अंथरण्याचा मान परटाच्या घरचा. नवरा गेल्यावर तो मान सगुणेकडे आला होता. पायघडी मात्र कोरडी ठणठणीत हवी. ओले वस्त्र अशुभाचे. ते पडले तर मान गेला, अशी त्या गावची रीत!

त्या वर्षी पावसाने आठ दिवस उघडीप दिली नव्हती. आदल्या दिवशी खोत सगुणेच्या दारात येऊन हसले होते. "तुझ्या महाराजांना सांग की थोडं ऊन पाडायला! तालुक्याच्या परटाकडून मी दुसऱ्या पायघड्या मागवून ठेवल्यात. तुझ्या ओल्या निघाल्या की मान त्याचा, कायमचा."

सोमवारी सकाळी सगुणेच्या झोपडीत या मेढीपासून त्या मेढीपर्यंत दोऱ्याच दोऱ्या होत्या. चारही पायघड्या दोनदा पिळून, झटकून टांगल्या होत्या, तरी गालाला लावल्या की गारच लागत. सुके सरपण संपले होते. उरलेले निखारे तिने शेगडीत ओढले, वर बांबूचे डालगे पालथे घातले आणि त्यावर पहिली पायघडी पसरली. महाराज कोपऱ्यात बसून पाहत होते.

एवढ्यात डोक्यावर इरले घेतलेल्या खोतीणबाई आत आल्या. पदराखाली गाठोडे होते.

"सगुणे, नातू सारखा खोकतोय गं. अंगाला हात लावला तर चटका बसतो. बाळोती सगळी ओली. उत्सव संपेपर्यंत ती चुलीवर वाळवायची नाहीत, सोवळं मोडतं, असं यांनी बजावलंय. गुंडाळायला सुकी चिंधी नाही घरात!" बोलता बोलता त्यांना रडू फुटले.

सगुणा निखाऱ्यांकडे बघत राहिली. ते एकाच कामाला पुरणार होते.

"म्हाराज, म्या काय करू?"

"डालगं तुझं, निखारे तुझे," महाराज म्हणाले. "मला कशाला विचारतेस?"

सगुणेला राग आला. खरेच आला! ज्यांना रोज भाकरी वाढली, त्यांनी आजच असे हात झटकावेत? तिने रागारागानेच पायघडी खाली ओढली आणि डालग्यावर ती इवली इवली बाळोती मांडली. एकेक उलटून, चोळून, उबदार करून गाठोड्यात बांधली. खोतीणबाई धावतच घरी गेल्या. शेगडीत राख उरली आणि देवळात ढोल वाजू लागला.

सभामंडपात गाव जमले होते. खोतांनी सगुणेच्या हातातल्या पायघडीचे टोक चिमटीत धरून दाबले. बोटांवर पाणी आले.

"बघा रे! महाराजांची लाडकी भक्तीण ओलं घेऊन आलीय!"

लोक हसले. सगुणेला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. खोतांनी तालुक्याच्या सुक्या पायघड्या अंथरायला लावल्या. भोयांनी पालखीला खांदा दिला.

पालखी हलेना! भोई घामाघूम झाले. आणखी चौघे आले. शेवटी खोतांनी स्वतः दांडा धरला. पालखी तसूभरही उचलली गेली नाही. ढोल थांबले, बाया भेदरून देवाचे नाव घेऊ लागल्या.

"सगुणे, घाल तुझ्या." महाराज पायरीवर उभे होते.

"म्हाराज, वल्या हाईत वं."

"मला दिसतंय. घाल."

तिने चारही पायघड्या एकापुढे एक अंथरल्या. भोयांनी भीतभीतच खांदा दिला, आणि काय सांगावे! पालखी फुलासारखी वर आली आणि चौथ्या पायघडीच्या टोकापर्यंत जाऊन थांबली.

खोतांचा चेहरा उतरला. "ओल्या वस्त्रावरून देव निघाला?"

"देवाला ओल्याचं वावडं नाही, खोत," महाराज शांतपणे म्हणाले. "तान्ह्या बाळाला आहे."

खोतीणबाई नातवाला घेऊन पुढे आल्या आणि सकाळची हकिकत त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याला सांगितली. खोतांनी नातवाच्या अंगावरचे दुपटे चाचपले. ते कोरडे होते, उबदार होते, आणि बाळ शांत झोपले होते. खोतांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराज मागे सरले. "उठा. पालखी खोळंबलीय. चार पायघड्या सरल्या, मागची उचलून पुढे घालायला हवी ना?"

खोत सोवळ्यातच मागे गेले. चिखलाच्या पावलांनी भरलेली ती ओली पायघडी त्यांनी उचलून कपाळाला लावली, आणि वाकून, दोन्ही हातांनी सगुणेपुढे धरली.

"सगुणाबाई, घाल. मान तुझ्याच घरचा."

सगुणेने ती अंथरली, आणि देव पुढे निघाला.