भुरीची नखं

फार पूर्वी, चर्चच्या आवारातल्या कोरड्या विहिरीत भुरी मांजर आणि तिचं पिल्लू पिट्या पडले. सिस्टर ब्रिजिटांनी दोरीला बांधून टोपली खाली सोडली.

“शिवू नकोस,” भुरी म्हणाली. “पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडतील.”

पण पिट्या केव्हाच टोपलीत बसला होता. टोपली वर गेली. भुरीनं सिस्टरांना मनातल्या मनात नाही नाही ते म्हटलं. मग रिकामी टोपली परत आली, आणि वरून पिट्याची हाक.

भुरी टोपलीत चढली, पण मागची नखं भिंतीच्या फटीत रुतवूनच. टोपली कलंडायला लागली, तशी सिस्टरांनी दोरी थांबवली. “येशूबाळा, हिला बुद्धी दे,” त्या म्हणाल्या.

“काहीतरी पुटपुटतेय बघ,” भुरी म्हणाली.

“आई, भिंत सोड,” पिट्या वरून म्हणाला.

“मला शिकवतोस?” मग जरा वेळानं, हळूच, “तू कसं केलंस रे?”

“काहीच केलं नाही. तू मला मानेला धरून उचलतेस ना, तेव्हा मी अंग सैल सोडतो. तसंच.”

या पोरानं एकदाही विचारलं नव्हतं, कुठं नेतेस म्हणून.

भुरीचा संशय काही गेला नाही. पण तिनं एकेक नख आत ओढलं, आणि टोपली वर निघाली.