मांडीला मांडी

दिघावकर साहेबांच्या कंपनीत साहेबांची चूक दाखवायची मुभा सगळ्यांना होती. दाखवून टिकलेलं मात्र कोणी नव्हतं. यंदा त्यांनी नवा टॅब्लेट काढला. आत लॅपटॉपचा प्रोसेसर, वर डेस्कटॉपची सिस्टीम!

"लॅपटॉपच्या मांडीला मांडी लावून बसेल! काढा खोट, नाहीतर तुम्ही बनवलेला जुना साधा टॅब्लेट आजपासून बंद," त्यांनी इंजिनिअर यामिनी पाठारेंना भर बैठकीत बजावलं.

"खोट कसली, साहेब? हातात धरून उभ्याउभ्या दोन ओळी वाचून दाखवा ना."

साहेबांनी तो उचलला. हाताला चटके बसू लागले, बारीक बटणांवर बोट चुकू लागलं. शेवटी ते खुर्चीत बसले, टॅब्लेट मांडीवर ठेवला आणि माऊस मागवला.

यामिनी हळहळल्या, "लाडावलेल्या पोराचं असंच असतं, साहेब. मांडीवर बसवलं, की हाताबाहेर जातं."