घरटी तीन ध्वज

शोणावती नगरीत महीधर राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका श्रेष्ठीच्या घराण्यात जन्माला आले होते. त्यांचे नाव विपुल, आणि नावाप्रमाणेच त्यांच्या घरी सगळे भरपूर होते.

त्या नगरीची एक रीत होती. ज्याच्या घरात हजार सुवर्णमुद्रांचा घडा पुरलेला असे, त्याने छपरावर एक रेशमी ध्वज उभारायचा. जितके घडे, तितके ध्वज. ध्वज आणि घडा यांची ताटातूट करायची नाही. लेकीला आंदण म्हणून ध्वज दिला, की घडाही तिच्या घरी जाई. खोटा ध्वज लावायची कुणाची छाती नव्हती, आणि खरा ध्वज लपवून ठेवील इतका निरिच्छ माणूस त्या नगरीत अजून जन्मला नव्हता. परदेशचे व्यापारी नदीच्या वळणावर आले, की वल्ही हातातच धरून वर बघत राहत. आभाळ दिसू नये इतके ते रेशीम होते.

महीधर राजा मनाचा चांगला होता. नदी वरचेवर गावात शिरे, म्हणून त्याने दगडी बांध घालायचे ठरवले. खर्चासाठी त्याने कोषाध्यक्षाकडून ध्वज मोजून घेतले, घरे मोजून घेतली आणि भागाकार करवला. घरटी तीन ध्वज आले. राजाचे डोळे भरून आले.

"माझ्या राज्यात घरटी तीन हजार मुद्रा!" तो म्हणाला. "मग कुणाला कमी, कुणाला जास्त असा भेद कशाला? प्रत्येक घराने शंभर मुद्रा द्याव्यात. ज्या घराकडून येणार नाहीत, तिथल्या एका पुरुषाने बांध पुरा होईपर्यंत दगडाच्या खाणीत राबावे."

सभेने वाहवा केली. बोधिसत्त्वांनीही मान डोलावली. सगळ्यांना सारखे, यात वावगे काय असणार?

दोन-चार दिवसांनी पाटला नावाची बुरडीण त्यांच्याकडे टोपल्या घेऊन आली. ती त्यांच्या वाड्यामागच्या गल्लीत राहत असे. टोपल्या उतरवून झाल्या तरी ती जाईना.

"काय हवंय, बाई?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"श्रेष्ठी, रागावणार नसाल तर बोलते. तुमच्या ध्वजांच्या काठ्या जरा आखूड करता येतील का?"

बोधिसत्त्व हसले. "का गं? काठ्यांनी तुझं काय बिघडवलं?"

"तुमचे ध्वज लांब आहेत. वारा सुटला की आमच्या छपरांवर येऊन फडफडतात. राजा आपल्या गच्चीवरून बघतो, त्याला वाटतं, ते आमचेच. आमच्या अख्ख्या गल्लीत एक ध्वज नाही. शंभर मुद्रा एकदम कशा दिसतात, तेसुद्धा कुणाला माहीत नाही. माझ्या नवऱ्याला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. खाणीत गेला, तर तो परत यायचा नाही."

"तुझ्या घरचे शंभर मी भरतो. जा, निश्चिंत राहा."

पाटला उठली नाही. "माझं भागेल," ती म्हणाली. "शेजारणीला काय सांगू?"

ती गेल्यावर बोधिसत्त्व गच्चीवर चढले. रोज ते इथे येत, पण ध्वज बघायला. कठड्याशी जाऊन खाली त्यांनी कधी पाहिले नव्हते. खाली अंगणाअंगणांत बांबूच्या कांबी वाळत घातल्या होत्या, आणि त्या वाळत नव्हत्या, कारण त्यांच्यावर रेशमाची सावली होती. भर दुपारी बायका दारात ओल्या कांबी हाताने पुसत बसल्या होत्या. आपले वैभव एवढ्या लोकांच्या डोक्यावर फडफडते आहे आणि त्यांच्यातल्या एकाच्याही घरात नाही, हे बोधिसत्त्वांना प्रथमच कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते राजाकडे गेले आणि त्याला आपल्या वाड्याच्या गच्चीवर घेऊन आले. मग त्यांनी हात वर करून आपल्या सेवकांना खूण केली.

एकेक करून ध्वज खाली येऊ लागले. राजा पाहत राहिला. आभाळाचा एक कोपरा मोकळा झाला, मग पाव, मग जवळजवळ निम्मे आभाळ निळे झाले, आणि अजून ध्वज उतरतच होते. त्या उजेडात काळवंडलेली, बुटकी, एकमेकांना टेकून उभी असलेली घरे दिसू लागली. गल्ल्यांमागून गल्ल्या. राजाने कठडा घट्ट धरला.

"एवढं सगळं एका घराचं होतं?" त्याने विचारले. "आणि ही घरं कुणाची?"

"तुमच्या प्रजेची, महाराज. उरलेले ध्वज आहेत, तेही मोजक्याच छपरांवर आहेत."

"म्हणजे मोजणी खोटी होती?"

"मोजणी खरी होती, भागाकारही खरा होता. पण बरोबर तीन ध्वज असलेलं घर नगरीत एकही नाही. मी काल शोधून आलो."

राजाने कठडा सोडला. मग म्हणाला, "बांध तर घालायलाच हवा. पण कर आता घरावर नाही, ध्वजावर. ज्याच्याकडे ध्वज नाही त्याच्याकडून काही घेऊ नका, आणि खाणीत कुणाला पाठवू नका."

"आणि एक ठेवून बाकीचे ध्वज मी माझ्या छपरावर पुन्हा चढवणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले. ते सगळे त्यांनी ध्वज नसलेल्या गल्ल्यांना वाटले आणि रीतीप्रमाणे प्रत्येकामागे घडा पाठवला. त्यातले धन सगळ्या गल्लीचे. इतर धनिक म्हणाले, विपुलचे डोके फिरले. दोघातिघांनी मात्र, कुणी सांगण्याआधीच, आपलेही काही ध्वज उतरवून पाठवले.

बुरूड गल्लीत रेशमाला हात लावायला कुणी धजेना. अखेर पाटलाने घागरभर पाणी आणले. सगळ्यांनी हात धुतले, तिच्या नवऱ्यानेही धुतले, आणि मग सगळ्यांनी मिळून काठी उभी केली. ध्वज वर गेला तेव्हा ओरडावे, हसावे की नमस्कार करावा, हे कुणालाच कळेना. लोक नुसते वर बघत राहिले.

संध्याकाळी राजाने पुन्हा ध्वज मोजायला लावले. कोषाध्यक्ष आकडा घेऊन आला. राजाने त्याला परत पाठवले आणि पुन्हा मोजायला सांगितले. तरीही तोच आकडा आला. एक ध्वज वाढला नव्हता, एक कमी झाला नव्हता. घरटी तीन.

"तेवढेच?" राजा म्हणाला. नगरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जिथे कधी काही नव्हते तिथे, ध्वज हलत होते. राजाने पादत्राणे काढली आणि तो अनवाणीच जिना उतरून आपली नगरी बघायला निघाला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू उग्रक, जो पंगतीच्या शेवटच्या पात्रात काय पडले ते पाहिल्याशिवाय जेवत नाही. पाटला ही आजची उपासिका शामा. विपुल श्रेष्ठी मीच होतो. त्या जन्मात मी दानाची पारमिता, म्हणजे परिपूर्णता, साधली असे म्हणतात. पण मी दिले ते नंतर. त्याआधी एका बाईने मला खाली बघायला लावले होते."