मुकीची राई

आंबेघोण गावाच्या वर, घाटमाथ्याच्या अगदी कडेला एक राई आहे. भोवतालचे डोंगर केव्हाच उघडे पडले, पण हिच्यात अजून जांभूळ, हिरडा, अंजनी एकमेकांना खेटून उभे आहेत आणि खोडाखोडांवर आमरीची फुलं लटकतात. वाटेवर एक बिनशेंदराचा धोंडा आहे. त्याच्यापुढे पाऊल पडलं की गावकरी बोलणं बंद करतात. शहरातली मंडळी फार बडबडी, म्हणून त्यांना धोंड्याजवळच बसवून म्हातारी माणसं ही हकिकत ऐकवतात.

फार पूर्वी गावात भिवरा नावाची बाई झाडपाल्याचं औषध देई. राईत तेव्हा भुईचांद नावाचं झुडूप मुबलक होतं. त्याचा कंद उगाळून पाजला की डोंगरी ताप उतरे. एका माणसाला एक सबंध कंद, असं भिवराला तिच्या आईने शिकवलेलं. पण पावसाळा सरला की भुईचांदची पानं वाळून जात आणि कंद कुठे आहे ते कळत नसे. म्हणून पानं हिरवी असतानाच भिवरा शेजारी काटकी रोवून तिला लाल दोरा बांधून ठेवी.

एका वर्षी घरोघर ताप आला. भिवरा एकटी कुठे कुठे पुरणार? तिने सांगून टाकलं, "जिथं लाल दोरा दिसंल तिथं खणा. एकेकच घ्या रं बाबांनो."

लोकांनी खणलं. पण भ्यालेला माणूस कुणाचं ऐकतो? ज्याच्या घरी एक आजारी, त्यानेही चार कंद आणून शिंकाळ्यात ठेवले आणि ते तिथेच कुजून गेले. माणसं वाचली, हेही खरं. शेवटी ताप भिवराच्या दारी आला. तिची आठ वर्षांची सगुणा अंथरुणाला खिळली, तेव्हा राईत नुसते खड्डे उरले होते.

दोन दिवस भिवरा राई धुंडाळत होती, असं सांगतात. तिसऱ्या दिवशी कड्याच्या कपारीत, ओलाव्याने अजून हिरवं राहिलेलं एक रोप दिसलं. तिने माती उकरली. कंद हाताला लागला आणि तिचा हात थांबला. हा नेला की भुईचांद संपला. पुढच्या तापाला गाव काय उगाळणार? आणि न न्यावा तर सगुणा जाते. ती तिथेच बसून ढसाढसा रडली म्हणे. मग तिने विळ्याने कंद मधोमध कापला, कोंबाकडचा भाग परत पुरला आणि उरलेला पदरात बांधून घरी आली.

तिचा नवरा बुधाजी भडकला. "पोरगी हातची चालली, अन् तू अर्धाच आणलास?"

"सबंद आणला असता, तर उद्या दुसऱ्याच्या पोरीला काय दिलं असतं?" एवढंच ती म्हणाली.

सगुणा वाचली, पण तिची वाचा गेली ती गेलीच. बुधाजी पुढे बायकोशी धड बोलला नाही. गावाने भिवराला बोल लावला नाही. ती स्वतःच स्वतःला लावत राहिली. सगुणा मोठी होऊन राई राखू लागली; भिवराने मात्र त्या दिवसानंतर राईत पाऊल टाकलं नव्हतं. भिवरा थकली, तेव्हा एकदा तिने लेकीला विचारलं, "बाये, सबंद दिला असता तर तू बोलली असतीस. राग हाय का माझा?"

सगुणेने आईचा हात धरला आणि तिला राईत नेलं. लोकांनी खणलेल्या खड्ड्याखड्ड्यातून भुईचांद उगवला होता. बारा पावसाळे ती कपारीतल्या रोपाचं बी आणून तिथे टाकत होती.

आजही सगुणेच्या मानाने राईत कुणी बोलत नाही. कंद आणायला राखणदार बाई एकटीच जाते, कुठे खणलं ते सांगत नाही, आणि अर्धाच आणते. अर्ध्याने कमी पडलं तर, असं एखादा पाहुणा विचारतोच. सध्याची राखणदार चांगुणा आजी त्याच्याकडे शांतपणे बघते.

"पडतंय की कमी," ती म्हणते.