ठकूबाईची काळी

द्राक्षबागा लोखंडी तारांवर चढायच्या फार वर्षं आधीची ही गोष्ट. नाशिकच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत पांगरखोरं नावाचं गाव होतं. तिथल्या केरूनं एका बैराग्याकडून द्राक्षाची काडी मिळवली आणि पांगाऱ्याच्या बुंध्याशी लावली. पोटी मूलबाळ नव्हतं. वेलीलाच त्यानं लेकरागत वाढवलं. ती पार शेंड्याला गेली, इतकी पसरली की असं म्हणतात, अख्खं गाव तिच्या सावलीत बसायचं. पण फळ म्हणाल तर नाही.

केरूची बायको ठकू. एका साली गारांनी वेलीची एक फांदी मोडली, आणि त्या मोडक्या फांदीलाच पुढं इवलासा फुलोरा आला. ठकूनं तो नवऱ्याला दाखवला.

"हिला कापल्याबिगर ही फळायची नाही, धनी."

"असं पुन्हा बोलू नकोस," केरू म्हणाला.

आश्विनात केरू बाजाराला गेला. परतताना तो वाटेतच थबकला. पांगारा उघडाबोडका दिसत होता. खाली हिरव्या पाल्याचा ढीग, आणि ठकू कोयता घेऊन उभी. वेलीची नुसती खुंटं उरली होती आणि प्रत्येक खुंटातून टपटप पाणी गळत होतं. असं म्हणतात, ते गळणं पार वेशीपर्यंत ऐकू येत होतं. जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

 केरू वेलीपाशी बसला आणि ते पाणी ओंजळीत धरत राहिला. मान वर न करता म्हणाला, "माझ्या नजरेसमोर थांबू नकोस."

ठकूनं कोयता खाली ठेवला. "फाल्गुनापर्यंत वाट बघा," एवढंच ती म्हणाली. कुणी तिला अडवलं नाही. ती गावाखालच्या नदीत उतरली, पैलतीराला लागली आणि दिसेनाशी झाली.

मग खुंटांवरचे डोळे फुटून कोंब आले. पाठोपाठ घोस लोंबले, आणि फाल्गुनात ते काळेभोर झाले. केरूनं एक मणी चिरडला. आतला गरसुद्धा लाल, तळहात लालभडक. तो त्या हाताकडं बघतच राहिला. आपण काय करून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं.

"तिच्याआधी कुणी तोंडात टाकायचं नाही," तो म्हणाला. सगळी द्राक्षं त्यानं रांजणात भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि तो तिला शोधायला निघाला. गावंच्या गावं पालथी घातली. ठकू कुणालाच दिसली नव्हती.

तो एकटाच परतला, तेव्हा त्याची दाढी पांढरी झाली होती. त्यानं रांजणाचं फडकं सोडताच जमलेलं गाव दोन पावलं मागं सरलं. घोस विरघळून गेले होते आणि रांजणात गडद लाल रस दरवळत होता. असं म्हणतात, त्या वासानं डोंगरावरची माकडंही गप्प झाली. केरूनं पहिला पेला भरला, नदीवर नेला, पाण्यात सोडला आणि तिला हाक मारली. मगच गाव प्यायलं.

आज पांगरखोऱ्यात जिकडंतिकडं त्याच वेलीच्या काड्यांच्या बागा आहेत. त्या द्राक्षाला ठकूबाईची काळी म्हणतात. आश्विनातल्या छाटणीची पहिली कात्री घरची बाई चालवते आणि तेव्हा पुरुषानं चकार शब्द काढायचा नसतो. नवी लाल वाईन उघडली की पहिला पेला नदीवर नेतात आणि सगळे मिळून हाक मारतात, "ठकूबाई, घरी या."

मग पैलतीराकडं बघत उभे राहतात. बराच वेळ कुणीच पेल्याला हात लावत नाही.