राणीसाहेबांचं वाण आणि महाराजांची भाषणं

"उद्या सकाळी राज्यातला एकूण एक जुना संगणक नदीत!" सिंहासनावर मूठ आपटत चिंचनगरचे महाराज अरिमर्दनराव गरजले.

अपराध संगणकाचाच होता. महाराजांच्या संगणकाने काल त्यांना तोंडावर सांगितलं होतं, की मी आता म्हातारा झालो, नवी प्रणाली मला पेलायची नाही, दुसरं यंत्र घ्या. राजाशी असं कोणी बोलतं का? प्रधान त्र्यंबकपंतांनी लगेच मान डोलावली. नवी यंत्रं विकणारा व्यापारी त्यांचा मेहुणा होता, हा आपला निव्वळ योगायोग!

पूजेची फुलं घेऊन आलेली गुरवाची बकुळा दारातच थबकली. देवळामागच्या शाळेत ती मुलींना संगणक शिकवायची, आणि तिथले होते नव्हते ते सगळे संगणक जुनेच. ते नदीत गेले की मुली पुन्हा घरी, चुलीपुढे. तिने परडी खाली ठेवली, मनातल्या मनात गणरायाला हात जोडले आणि म्हणाली, "महाराज, यंत्र म्हातारं नाही, त्याला चालवणारी प्रणाली जड झालीय. आम्ही शाळेत लिनक्स नावाची दुसरी चालवतो. हलकी आहे, फुकट आहे. एकदा शाळेत येऊन बघा ना!"

"महाराज शाळेत जाणार?" पंत किंचाळले. "लहानपणी कधी गेले नाहीत ते!"

"मग इथेच, आहे त्या प्रणालीच्या पोटात, एका खिडकीत ती मांडते. भातुकलीसारखी. यंत्राला थोडा दम लागेल, पण..."

"राजाने भातुकली खेळायची?" महाराजांच्या मिशा थरथरल्या. "ऐक पोरी! ती माझ्याच यंत्रावर, पुऱ्या पडद्यावर चालली पाहिजे. पण माझी जुनी प्रणाली जागची हलता कामा नये. खजिन्यातून दमडी मिळणार नाही. आणि मला नाही आवडली, तर मागमूस राहता कामा नये. जमलं तर तुझी शाळा वाचली!"

"आणि महाराजांचं एक अक्षर जरी पुसलं गेलं," पंतांनी प्रेमाने भर घातली, "तर शाळेच्या यंत्रांची पहिली खेप मी स्वतः नदीवर नेईन!"

दरबार हसला. दरबाराचं ते कामच होतं.

बकुळाने शांतपणे विचारलं, "महाराज, चतुर्थीला गणपती येतो, तेव्हा देव्हाऱ्यातले देव कुठे पाठवता?"

"पाठवता म्हणजे? ते जागेवरच असतात! गणपती बाहेर चौरंगावर बसतो, पाहुणचार घेतो आणि जातो."

"मग झालं तर!"

तिने पिशवीतून लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह काढला, संगणकाला लावला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू होता होता एक कळ दाबून त्याला बजावलं, की आज आतल्या देव्हाऱ्याकडे वळू नकोस, दारातल्या चौरंगावरूनच चालू हो. आणि काय! पडदा उजळला. महाराजांनी पत्र लिहून पाहिलं, गाणं लावलं, पत्ते खेळले. पत्ते जरा जास्तच खेळले.

"किंचित सावकाश चालतंय," ते तोंड वाकडं करून म्हणाले.

"चौरंगावरचा पाहुणा आहे, महाराज. घरचा झाला की धावेल!"

"काढ! बघू मागमूस राहतो का!"

बकुळाने यंत्र बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा सुरू केलं. जुनी प्रणाली जशीच्या तशी हजर. मी म्हातारा झालो, हे रडगाणंसुद्धा जसंच्या तसं!

इतक्यात पंतांनी तो पेनड्राइव्ह झडप घालून उचलला. "सापडली चोरी! हा तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला राणीसाहेबांनी लुटलेलं वाण! यात महाराजांची भाषणं भरलेली होती. कुठे गेली?"

"पुसली," बकुळा म्हणाली. "पेनड्राइव्ह रिकामा केल्याशिवाय त्यावर प्रणाली चढत नाही."

पंतांनी पेनड्राइव्ह सगळ्या दरबाराला दिसेल असा उंच धरला.

"पण पंत, वाण एकदा हातात पडलं की ते घेणारीचं. भाषणं संक्रांतीपर्यंत महाराजांची होती, नंतर माझी. विचारा राणीसाहेबांना, दिलेलं वाण परत मागणार का?"

"अगंबाई!" राणीसाहेब चिकाच्या पडद्याआडून कडाडल्या. "मागितलं तर पुण्य लागायचं कसं? पंत, तुमच्या घरी नाही का कोणी वाण देत?"

पंतांचं तोंड एवढंसं झालं. महाराजांचा आवाजही जरा बारीक झाला. "पण पोरी, माझी भाषणं गेलीच ना?"

"छे हो, महाराज! वाण घरोघरी गेलंय, तिथे अगदी सुखरूप आहेत. कोणी उघडूनसुद्धा पाहिलेली नाहीत!"

महाराजांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदा हसले की मुकुट मांडीवर येऊन पडला. या वेळी दरबारही मनापासून हसला.

"शाळेचे संगणक जागच्या जागी!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "पंत, तुम्हाला खेप न्यायची हौस होती ना? महालातली जुनी यंत्रं डोक्यावर घ्या आणि शाळेत पोचवा! माझं तेवढं राहू द्या. बकुळे, उद्या तुझा तो पाहुणा माझ्या यंत्राच्या देव्हाऱ्यात बसव. आणि हो, वाणातले पेटीभर पेनड्राइव्ह उरलेत, तेही मुलींना ने. भाषणं खुशाल पूस!"